आटपाट नगरातील बिऱ्हाड : कथापरंपरेतील पाहुणा, यजमानीण आणि ओळखीचा प्रश्न

प्रस्तावना

मराठी लोककथेतील आटपाट नगराला वेस असते, राजवाडा असतो, बाजार, तळे आणि देऊळ असते. या नगरात परमुलखातला राजपुत्र येतो तेव्हा तो थेट राजवाड्यात जात नाही आणि देवळातही फार काळ थांबत नाही. वेशीजवळ राहणाऱ्या एखाद्या म्हातारीकडे किंवा राजवाड्यात फुले पोचविणाऱ्या माळणीकडे तो उतरतो. तेथे त्याला भाकरी मिळते, अंथरूण मिळते आणि नगराची खबर मिळते. कथेतील पुढचे सारे डावपेच या घराच्या ओसरीवरच ठरतात.

कथेच्या विवेचनात राजकन्या, राक्षस आणि राक्षसाचा दूर दडवलेला प्राण यांना मोठे स्थान मिळते. म्हातारीच्या घराकडे मात्र बहुधा कथानक पुढे सरकविण्याची एक सोय म्हणूनच पाहिले जाते. वास्तविक अनोळखी माणसाला आत घ्यावे की नाही, हा कोणत्याही समाजाला पडणारा मूलभूत प्रश्न आहे आणि या कथांमध्ये तो सर्वप्रथम या घराच्या उंबरठ्यावर उपस्थित होतो. तेथे त्याचे उत्तर नेहमी 'घ्यावे' असे येते. हे उत्तर कोणत्या अटीवर येते आणि आधुनिक मराठी साहित्याने त्याची कोणती परीक्षा केली, याचा शोध प्रस्तुत लेखात घेण्याचा प्रयत्न केला आहे.

सराई, धर्मशाळा आणि बिऱ्हाड

छत्रपती संभाजीनगर व त्याचा परिसर हा पूर्वीपासून वाटसरूंचा प्रदेश आहे. १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी येथे वसविलेले हे शहर उत्तर आणि दक्षिण यांना जोडणाऱ्या वाटेवर वाढले. अजिंठ्याच्या पायथ्याशी फर्दापूर येथे मोगलकालीन सराई आहे. शहरातील पाणचक्की बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याशी निगडित आहे. या सूफी पुरुषाच्या नावातच प्रवासी दडलेला आहे. १७४४ मध्ये तुर्कताज खान याने उभारलेल्या या चक्कीवर दर्ग्यातील फकीर, विद्यार्थी आणि वाटसरू यांच्यासाठी पीठ दळले जाई. दुरून जमिनीखालच्या नहरीने पाणी आणावयाचे, त्यावर जाते फिरवावयाचे आणि आलेल्याला भाकरी द्यावयाची, अशी ही पाहुणचाराची यंत्रणाच होती. मोगल अमदानीतील सराईंमध्ये वाटसरूंच्या जेवणाखाण्याची सोय भटियारे पाहत. हा धंदा पिढीजात असे आणि त्यात घरातील स्त्रियांचा वाटा मोठा असे. मराठीतील 'भटारखाना' या शब्दात त्या धंद्याची आठवण आजही टिकून आहे.

सराई आणि धर्मशाळा यांखेरीज मराठीजवळ आणखी एक शब्द आहे, तो म्हणजे 'बिढार'. महानुभाव गद्यात तो उतरण्याच्या जागेसाठी येतो. चक्रधरस्वामींच्या भ्रमंतीत मुक्कामाची जागा, तेथील सेवा आणि आलेल्यागेलेल्यांचे जेवण यांना किती महत्त्व होते, हे 'लीळाचरित्रा'तील बाइसांच्या वावरावरून ध्यानात येते. पुढे याच शब्दाचे 'बिऱ्हाड' झाले. भालचंद्र नेमाडे यांनी १९७५ मध्ये आपल्या कादंबरीला 'बिढार' हे नाव दिले. सराई ही राज्यकर्त्याने बांधलेली असते आणि धर्मशाळा दात्याने. बिऱ्हाड मात्र कुणाच्या तरी घरात थाटले जाते. त्याला मालकीण असते, तिची चूल असते आणि त्या चुलीचे नियम असतात. आटपाट नगरातील म्हातारीचे घर हे या तिसऱ्या प्रकारचे आहे.

पाश्चात्त्य कल्पित साहित्याशी तुलना केल्यास हा भेद अधिक स्पष्ट होतो. टोल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४-५५) या कादंबरीत ब्री गावातील 'प्रान्सिंग पोनी' ही पांथशाळा एकाच कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या चालविलेली आहे. नायक फ्रोडो तेथे खोटे नाव घेऊन उतरतो. परंतु ते घर म्हणजे उघडा धंदा आहे. दारावर पाटी आहे, पैसे देणाऱ्याला खोली आहे आणि बैठकीच्या दालनात गावकरी व परके एकत्र बसतात. तेथे पाहुणा ग्राहक म्हणून राहतो. माळणीच्या घरी असा ग्राहक नसतो. तेथे राहण्यासाठी पाहुण्याला कुणाचा तरी भाचा, मुलगा किंवा मुलगी व्हावे लागते.

म्हातारीचे घर : परंपरेतील आवर्तन

या घराची परंपरा अतिशय जुनी आहे. महाभारताच्या आदिपर्वात पांडव प्रथम एकचक्रा नगरीत एका ब्राह्मण कुटुंबाच्या आश्रयाला राहतात. त्या घरावर बकासुराला माणूस पुरविण्याची पाळी येते तेव्हा कुंती भीमाला पाठविते. आश्रयाचे मोल येथे पोटच्या मुलाने चुकविले जाते. पुढे द्रुपदाच्या नगरात तेच पांडव ब्राह्मणवेशात एका कुंभाराच्या घरी उतरतात. द्रौपदीला घेऊन ते परततात ते याच घरी आणि महाभारताला वळण देणारा कुंतीचा उद्गार निघतो तोही याच छपराखाली. यजमान कुंभार मात्र या सर्व प्रसंगात मूकच राहतो.

दंडीच्या 'दशकुमारचरिता'त उपहारवर्मा मिथिलेबाहेरील एका लहानशा मठात थांबतो. तेथील वृद्ध तापसी त्याला पाहून रडू लागते. ती त्याचीच हरवलेली दाई असल्याचे पुढे कळते. तिची मुलगी राणीच्या सेवेत असल्यामुळे राजवाड्याची आतली वाट त्याला खुली होते. मायलेकींचे हे घर म्हणजे कारस्थानाचे केंद्र बनते.

या परंपरेतील सर्वांत बोलके उदाहरण वेताळकथांचे आहे. सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त (अकरावे शतक) वेताळाला खांद्यावर वाहणारा राजा त्रिविक्रमसेन हा गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचा आहे. लुप्त झालेल्या 'बृहत्कथे'चा कर्ता गुणाढ्य याचाही संबंध परंपरेने पैठणशी व सातवाहन राजाशी जोडलेला आहे. वेताळ सांगतो त्या पहिल्याच कथेत राजपुत्र वज्रमुकुट आणि प्रधानपुत्र बुद्धिशरीर हे पद्मावतीच्या शोधात कर्णोत्पल राजाच्या नगरात येतात आणि एका म्हातारीच्या घरी उतरतात. ही म्हातारी पद्मावतीच्या घरची जुनी दाई निघते. पण ती तेथे नेहमी जात नाही, कारण तिचा जुगारी मुलगा तिची वस्त्रे पळवितो आणि चांगले वस्त्र अंगावर नसताना थोरामोठ्यांच्या घरी कसे जावे, अशी तिची अडचण आहे. बुद्धिशरीर तिला आपले उत्तरीय देतो आणि निरोप्याचे काम तिच्यावर सोपवितो.

मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरची कन्या मेरी फ्रिअर हिने अॅना लिबराटा डिसूझा या आयेकडून ऐकलेल्या कथा 'ओल्ड डेक्कन डेज' (१८६८) या नावाने प्रसिद्ध केल्या. त्यातील 'पंचकिन' या कथेतही हेच घर दिसते. जादूगाराने कोंडलेल्या आईच्या शोधात आलेला मुलगा माळ्याच्या बायकोकडे राहतो, स्त्रीवेश घेतो, तिची मुलगी म्हणून वावरतो आणि फुले पोचविण्याच्या निमित्ताने आईपर्यंत जातो. संस्कृत महाकाव्यापासून एकोणिसाव्या शतकातील आयेच्या तोंडच्या कथेपर्यंत हे घर एवढे स्थिर राहिले आहे, हीच त्याच्या लोकप्रियतेची साक्ष होय.

यजमानीण आणि तिचा मोबदला

या घराची मालकीण सहसा गरीब, बहुधा विधवा आणि श्रम करून जगणारी असते. दाई, माळीण, सूत कातणारी अशा तिच्या व्यवसायांचा एक समान विशेष आहे. या व्यवसायांतील स्त्रीला राजवाड्यात जाता येते, पण राहता येत नाही. नगराच्या आत आणि बाहेर अशा दोन्ही बाजूंना तिची ये-जा असते. परक्याला नगरात शिरण्याची वाट तिच्याच घरातून जाते, ती यामुळे. तिच्या घराचे महत्त्व त्याच्या आकारात नसून या ये-जा करण्यात आहे.

मोबदल्याचा व्यवहार मात्र कथा झाकून ठेवते. राजपुत्र म्हातारीच्या हातावर मोहर ठेवतो आणि लगेच तिला 'आई' किंवा 'मावशी' म्हणतो. शेजाऱ्यांनी विचारले तर ती त्याला आपल्या बहिणीचा मुलगा म्हणून सांगते. पैसा आणि नाते एकाच वेळी हातात पडतात आणि नात्याच्या शब्दामुळे पैशाचा शब्द ऐकू येत नाही. वेताळकथेतील उत्तरीय हे असेच आहे. वरवर पाहता ती भेट आहे. प्रत्यक्षात तो कामाचा गणवेश आहे, कारण त्याच्याशिवाय म्हातारी पद्मावतीच्या घरी जाऊ शकत नाही.

या कामाची किंमतही ती चुकविते. निरोप घेऊन गेलेल्या म्हातारीच्या दोन्ही गालांवर पद्मावती कापूर लावलेल्या हातांनी मारते. म्हातारी रडत परत येते. बुद्धिशरीर तिच्या गालांवरील दहा बोटांचे ठसे वाचतो आणि शुक्लपक्षाच्या दहा रात्री थांबावे, असा त्याचा अर्थ लावतो. वाचक प्रधानपुत्राच्या चातुर्यावर खूश होतो. ज्या गालांवर हा निरोप लिहिला गेला ते गाल कुणाचे, याचा विचार कथा करीत नाही. वेताळही अखेरीस राजाला विचारतो तो दोष कुणाचा, एवढेच. म्हातारीच्या वाट्याला काय आले हे तो विचारीत नाही. राजपुत्र आपल्या नगराला परततो आणि यजमानीण कथेतून नाहीशी होते. द्रुपदाच्या नगरातील कुंभाराच्या मौनाशी हे नाहीसे होणे जुळणारे आहे. ज्यांच्या छपराखाली कथा घडते त्यांना कथेत जागा नसते.

ओळख नेहमी वरच उघडते

या घराचा दुसरा विशेष ओळखीशी संबंधित आहे. पाहुणा जवळजवळ नेहमी वेश पालटून आलेला असतो. यजमानीण त्याची फारशी चौकशी करीत नाही. या मोकळेपणावरून परंपरेतील उदार पाहुणचाराचा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तथापि कथांचा शेवट पाहिला असता निराळी गोष्ट नजरेस येते. ब्राह्मण भिक्षेकरी वाटलेले तरुण पांडव निघतात. मठात आलेला वाटसरू राजाचा वारस निघतो. माळणीची मुलगी म्हणून वावरणारा राजपुत्र निघतो. कुंभाराच्या घरातील संभाषण धृष्टद्युम्न लपून ऐकतो आणि द्रुपदाला जाऊन सांगतो, तेव्हा राजवाड्यात आनंद होतो. वेश उतरला की पाहुणा होता त्याहून मोठा ठरतो आणि आसरा देणाऱ्याचा निर्णय योग्य होता हे सिद्ध होते.

संतचरित्रांनी हाच आकार एक पायरी वर नेला. पैठणला एकनाथांच्या घरी श्रीखंड्या नावाचा गडी बारा वर्षे पाणी भरतो आणि तो प्रत्यक्ष भगवंत होता हे नंतर कळते. एकनाथ महार जातीच्या भक्ताच्या घरी जेवले, ही आख्यायिका याहून धाडसी आहे, कारण तीत यजमान आणि पाहुणा यांची नेहमीची जागा उलटली आहे. परंतु नाथांचे रूप घेऊन देवच तेथे जेवले, असा उलगडाही परंपरेने तिला जोडला आहे. समतेचा प्रसंग घडतो, मात्र देवाच्या मध्यस्थीने.

तात्पर्य, आटपाट नगरातील दार सर्वांना उघडे दिसते खरे. पण त्यातून आत येणारा अनोळखी माणूस शेवटी राजा किंवा देव निघणार, याची हमी कथेने आधीच दिलेली असते. अनोळखी माणूस ज्याला समाज खालचा मानतो असा निघाला तर काय होईल, हा प्रश्न या परंपरेने स्वतःला क्वचितच विचारला.

बडोदा आणि उधना : ओळख उघड होते तेव्हा

हा प्रश्न आधुनिक काळात प्रत्यक्ष जीवनाने विचारला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात बडोद्यातील वास्तव्याची हकिकत आहे. परदेशातील उच्च शिक्षणानंतर १९१७ मध्ये ते संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्याला गेले. हिंदू हॉटेलात जागा मिळणार नाही हे ठाऊक असल्यामुळे ते एका पारशी उतारशाळेत गेले. तळमजल्यावर वृद्ध पारशी रखवालदार कुटुंबासह राहत होता आणि उतारूंच्या जेवणाची व्यवस्था करीत होता. म्हणजे हेही कुटुंबाने सांभाळलेले उताराघरच होते. पाहुणा पारशी नाही हे रखवालदाराच्या लक्षात आले. दोघांत तडजोड झाली. रोजचे दीड रुपया भाडे ठरले आणि वहीत पारशी नाव लिहिले गेले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव वर चढून आला आणि त्याच संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे त्यांना बजावण्यात आले. दोन मित्रांकडे विचारणा करूनही आसरा मिळाला नाही. अखेर रात्रीच्या गाडीने त्यांना मुंबई गाठावी लागली.

या हकिकतीतील प्रत्येक घटक कथेतलाच आहे. परके नगर आहे, विद्यावान तरुण आहे, पालटलेले नाव आहे, पैशाची गरज असलेला वृद्ध यजमान आहे आणि ओळख उघड होण्याचा क्षणही आहे. फक्त शेवट उलटा आहे. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला हा तरुण ज्ञानाने राजपुत्राहून कमी नव्हता. पण त्याची जी ओळख समाजाला महत्त्वाची वाटत होती ती ज्ञानाची नव्हती. याच लेखनात १९३४ मधील दौलताबादचा प्रसंगही येतो. किल्ल्याजवळच्या हौदावर हातपाय धुतल्यावरून त्यांच्या सोबतच्या मंडळींना अवमानित करण्यात आले आणि पाण्याला कोणी शिवू नये म्हणून शस्त्रधारी शिपाई सोबत देण्यात आला. पाणचक्कीचे पाणी वाटसरूंसाठी फिरले त्याच परिसरात ही घटना घडली, ही बाब अभ्यासकाने नजरेआड करता कामा नये.

मराठी कथेत हा उलटा शेवट बाबूराव बागूल यांनी आणला. 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या संग्रहातील शीर्षककथेचा निवेदक रेल्वेतील नोकरीसाठी उधना येथे येतो. त्याला राहायला खोली हवी आहे. त्याच्या बोलण्यावरून आणि रुबाबावरून लोक त्याला वरच्या जातीचा समजतात. तो ती समजूत खोडून काढीत नाही. त्याला मान मिळतो, त्याच्या कवितेचे कौतुक होते, रामचरण त्याला आपल्या घरी जेवायला नेतो. पुढे जात उघड होते आणि ज्यांनी मान दिला तेच त्याला मारहाण करतात. काशिनाथ मध्ये पडतो म्हणून तो वाचतो.

येथे शीर्षकातील क्रियापद महत्त्वाचे आहे. राजपुत्राने वेश पालटला तर परंपरा त्याला चातुर्य म्हणते. बागुलांच्या निवेदकाने केवळ मौन पाळले तरी ती चोरी ठरते. एकाच कृतीची ही दोन नावे समोरासमोर ठेवली की आटपाट नगराचा अलिखित कायदा वाचता येतो. वरून खाली येणाऱ्याला वेश पालटण्याची मुभा आहे. खालून वर जाणाऱ्याला नाही. बागुलांची कथा लोककथेच्या नकाशावरच चालते आणि म्हणूनच तिचा आघात एवढा खोल जातो.

मर्यादा आणि आक्षेप

या विवेचनावर एक रास्त आक्षेप घेता येईल. लोककथा ही इच्छापूर्तीची कथा असते. तिच्याकडून सामाजिक दस्तऐवजाची अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे. हा आक्षेप अंशतः मान्य करावा लागतो. म्हातारीने दार उघडावे ही इच्छा कथा सांगणाऱ्या आजीची, आयेची, कष्टकरी स्त्रीची होती आणि ती इच्छा खोटी नव्हती. उलट, सराई बांधणाऱ्या राज्यकर्त्यापेक्षा एका माळणीचे घर परक्याला अधिक सुरक्षित वाटावे, यात त्या स्त्रियांचा आत्मसन्मान आहे. परंतु इच्छेलाही सीमा असते आणि ती कुठे संपते हे दाखविणे समीक्षेचे काम आहे. या इच्छेने पाहुण्यासाठी दार उघडले. पण पाहुणा कोण असावा, हे ठरविण्याचे काम तिने जुन्याच व्यवस्थेकडे राहू दिले.

निष्कर्ष

१. आटपाट नगरातील म्हातारीचे किंवा माळणीचे घर ही केवळ कथानकाची सोय नाही. सराई व धर्मशाळा यांहून निराळी, नात्याच्या भाषेत व्यवहार करणारी ती एक संस्था आहे.

२. या घराची यजमानीण नगराच्या आत-बाहेर वावरणारी श्रमिक स्त्री असते. तिच्या श्रमावर कथा उभी राहते. तिचा मोबदला आणि तिचे दुःख मात्र कथा नोंदवीत नाही.

३. येथील पाहुणचार निरपेक्ष दिसतो, परंतु पाहुण्याची लपलेली ओळख वरच्या दर्जाची असल्याची हमी त्यामागे असते.

४. डॉ. आंबेडकरांचे बडोद्याचे कथन आणि बागुलांची कथा हे या आकृतिबंधाचे उलटे वाचन आहे. त्यांच्या प्रकाशात जुन्या कथा पुन्हा वाचणे आवश्यक ठरते.

अध्यापनाच्या दृष्टीने पाहता लोकसाहित्य आणि दलित साहित्य या दोन स्वतंत्र अभ्यासपत्रिका मानल्यामुळे माळणीची ओसरी आणि उधन्यातील खोली एकमेकींसमोर येत नाहीत. त्या एकत्र शिकविल्या गेल्या पाहिजेत. डॉ. आंबेडकरांनी याच शहरात १९५० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. नाव बदलल्यावाचून राहता येईल अशी वसतिगृहे खेड्यापाड्यांतून आलेल्या विद्यार्थ्यांना या परिसरात लाभली. पाहुणा राजपुत्र निघेल अशी हमी या दाराने कधी मागितली नाही. आटपाट नगराने जे दार अर्धेच उघडले होते ते पुरते उघडण्याचा हा प्रयत्न होता, आणि बिऱ्हाडाच्या कोणत्याही अभ्यासात त्याची नोंद व्हावयास हवी.